भिंत आणि वेल

मार्गशीर्ष सरत आला की किल्लारीच्या शिवारात हरभऱ्याला घाटे धरू लागतात, रब्बीची ज्वारी निसवायला येते आणि अंगणातल्या मोगऱ्याची वाढ थांबते. मधुमालतीची पानं पिवळी पडून गळू लागतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ओंजळभर फुलं देणारी जुई नुसती हिरवी उभी राहते. दुपारचा पारा तिशीकडे असतो, पण पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो. महाबळेश्वरच्या माणसाला ही थंडी किरकोळ वाटेल, उष्ण प्रदेशातल्या वेलीला मात्र तेवढी पुरते. गंमत अशी की त्याच पंधरवड्यात एखाद्या कुंपणावर संक्रांतवेल केशरी होऊ लागते आणि कुंदा पांढऱ्या फुलांनी भरतो. एकाच गावात, एकाच थंडीत, एक वेल अंग चोरून बसते आणि दुसरी फुलते.

या नाजूक वेली थंड हवेत कशा जगवायच्या, हा प्रश्न युरोप-अमेरिकेतल्या बागवानांचा असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो निफाडच्या द्राक्ष बागाइतदाराचा आहे, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या शेतकऱ्याचा आहे आणि न्यू जर्सीच्या घरात मोगऱ्याची कुंडी खिडकीशी ओढणाऱ्या मराठी कुटुंबाचाही आहे. जिल्ह्याचं तापमान त्याचं अर्धंच उत्तर देतं. उरलेलं उत्तर वेलीमागच्या भिंतीत आणि मुळाखालच्या मातीत असतं. भिंतीचा विचार किल्लारीइतका खोलवर करावा लागलेली गावं महाराष्ट्रात थोडी असतील.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची किल्लारी आणि आसपासची गावं हादरली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडी अधिक होती. एवढ्या मोठ्या मनुष्यहानीचं कारण घरांच्या बांधणीत होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, वर लाकडी तुळया आणि त्यांवर फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड मातीचं माळवद. सांध्यांना पकड नव्हती आणि डोक्यावर टनावारी ओझं होतं.

ती घरं तशी बांधली जात, त्यालाही कारण होतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते, पण ती उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते, त्यामुळे भर दुपारी माळवदाखाली गारवा असतो. हिवाळ्यात तीच भिंत दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. वाड्याच्या चौकात, चारी बाजूंनी अशा भिंती असताना, तुळशीशेजारच्या जाईला उघड्या रानापेक्षा वेगळी हवा मिळे. उन्हाळ्यात तिला सावली असे आणि थंडीत आडोसा.

भूकंपानंतर किल्लारीसह ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते आले, सुटे प्लॉट आले, काँक्रीटची घरं आली. ही घरं भूकंपात टिकावीत अशी बांधली होती आणि तीच तेव्हाची पहिली गरज होती. पण गावाचं हवामान बदललं. गल्ल्यांची सावली गेली, एकमेकांना टेकलेली घरं सुटी झाली, गावाचा पसारा जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट वाढला आणि सुरुवातीच्या वर्षांत झाडं नव्हतीच. पातळ भिंती आणि सपाट स्लॅब उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात. कुटुंब वाढलं तशी घरालगत पत्र्याची शेड उभी राहिली, तीही तापते. अशा घराला वेल हवी असते ती फुलांसाठी आणि भिंतीवर सावली धरण्यासाठीही.

इथे सूर्याचा हिशेब कामाला येतो. किल्लारी १८ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, मारा होतो तो स्लॅबवर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारी क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. म्हणून किल्लारीत बोगनवेल किंवा मधुमालती चढवायची ती पश्चिमेला, आणि थंडीला भिणाऱ्या मोगऱ्याला जागा द्यायची ती दक्षिणेला. लंडनमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि आठ तासांच्या आत मावळतो. तिथला बागवान दक्षिणेच्या विटांच्या भिंतीला वेल टेकवतो, कारण तिरपं पडलेलं ते थोडं ऊन भिंतच साठवू शकते. आपल्याकडे वेल भिंतीला सावली देते, तिथे भिंत वेलीला ऊब देते.

थंडी वेलीला मारते म्हणजे नेमकं काय करते? दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतो.

पहिली गोष्ट शून्याच्या बरीच वर घडते. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ वनस्पतींच्या पेशींभोवतीचं आवरण दहा-बारा अंशांखाली घट्ट होऊ लागतं. त्यातून पाण्याची आणि क्षारांची ये-जा बिघडते. मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटते. त्यामुळे माती ओली असूनही पानं मलूल दिसतात. माणूस ती बघतो, वेलीला पाणी कमी पडलं असं समजतो आणि आणखी तांब्याभर ओततो. गार, चिखलट मातीत मुळं कुजतात. नाजूक वेलींचे हिवाळ्यातले कितीतरी बळी थंडीपेक्षा या जादा पाण्याचे असतात.

दुसरी गोष्ट शून्याखाली घडते. बर्फ बहुधा पेशीच्या आत आधी होत नाही. तो पेशींच्या मधल्या पोकळीत धरतो आणि आतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, आवरण फाटतं आणि सकाळी ऊन चढलं की पान काळवंडून लोंबतं. म्हणजे गोठून मेलेलं पान बऱ्याच अंशी तहानेनं मेलेलं असतं. दुष्काळ आणि हिमकडाका यांचं दुखणं पेशीच्या पातळीवर असं जवळ येतं. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचा ताण नव्यानं समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं आणि पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात माणसांनाच पाणी नव्हतं, तिथे बागेला कुठून मिळणार? ताण सोसण्यात बोगनवेलीचा हात धरणारी वेल मात्र विरळा. ब्राझीलच्या किनाऱ्यावर १७६७ मध्ये फ्रेंच मोहिमेतल्या फिलिबेर कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती दिसली आणि मोहिमेचा प्रमुख बूगेनव्हील याचं नाव तिला मिळालं. तिला पाण्याचा ताण दिला की ती पानं टाकते आणि रंगीत कोषपर्णांनी भरून जाते. थंड देशांतले बागवान हिवाळ्यात तिची कुंडी पाच ते दहा अंशांत जवळजवळ कोरडी ठेवतात. आपल्याकडे दुष्काळ जे आपोआप करतो, ते तिथे जाणूनबुजून करावं लागतं.

महाराष्ट्रातल्या थंडीचे दोन धडे मात्र पुस्तकाबाहेरचे आहेत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तिथे गावात पारा सहा-आठ अंशांवर असताना वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्याच्या खोलगटात दवबिंदू गोठलेले सापडतात. दरवर्षी त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. ही किमया सखल जागेची आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत खोलगटात साचते. वर ढग असले तर ती उष्णता अडते, वारा असला तर हवा ढवळली जाते. म्हणून धोका असतो तो लख्ख चांदण्यांच्या, पानही न हलणाऱ्या रात्री. शेताच्या उतारावर आडवं, भक्कम कुंपण घातलं तर गार हवा त्याच्या वरच्या अंगाला तुंबते, आणि वेल नेमकी तिथे असेल तर तिला फटका बसतो.

दुसरा धडा निफाडचा. नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्यात थंडीच्या लाटेत पारा कधी दोन अंशांच्या घरात जातो. तेव्हा द्राक्ष बागाइतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात, कारण गारठ्यानं मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेले मणी तडकतात. शेकोटीच्या धुरानं दिसायला आधार वाटतो, पण जमिनीतून निघणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. आगीची ऊब आणि तिनं हललेली हवा यांचा जो काही उपयोग होतो तोच. पाण्याचा आधार मात्र खरा. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता कोरड्या मातीच्या चौपट-पाचपट असते. ओली जमीन दिवसा अधिक ऊब खोलवर घेते आणि रात्री ती सावकाश परत देते. भेगा पडलेली कोरडी काळी माती हे करू शकत नाही, त्यामुळे तिच्यावरची हवा लवकर गारठते. थंडीच्या लाटेत संध्याकाळी पिकाला हलकं पाणी द्या, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला याच तत्त्वावर उभा आहे. किल्लारी परिसरातल्या द्राक्षबागांना तो लागू आहे आणि अंगणात, जमिनीत लावलेल्या वेलीलाही. कुंडीतल्या वेलीला तो लागू नाही. तिथे माती मूठभर असते, ती साठवणार किती आणि परत देणार किती!

आता गोव्याहून निघालेल्या एका मोगऱ्याकडे वळू. सतराव्या शतकाच्या अखेरीस टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याच्या संग्रहात दाट पाकळ्यांचा मोगरा पोचला. तो गोव्याहून पोर्तुगीजांमार्फत आला होता. फ्लॉरेन्सचा हिवाळा त्याला मानवणारा नव्हता, तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून शहराबाहेरच्या कास्तेल्लो इथल्या मेदिची घराण्याच्या बागेत या मोगऱ्यासाठी खास उबदार घर उभारलं गेलं. ते 'स्तूफा देई मुगेरीनी' या नावानं ओळखलं जातं. ड्यूकनं या झाडाची फांदी कुणाला मिळू दिली नाही, असं सांगितलं जातं. आज अमेरिकेतल्या रोपवाटिकांत 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' या नावानं विकला जातो तो हाच गुलाबासारखा भरगच्च, सावकाश वाढणारा मोगरा. तिथल्या मराठी घरांत तो विकत आणला जातो तेव्हा गोव्यापासूनचा त्याचा हा प्रवास कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

राजाच्या पदरी असलेलं काचघर सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला आणखी दीडशे वर्षं लागली. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली होती. त्या मातीत नेचा उगवला. बंद काचेत ओल फिरत राहते, हे त्यांच्या लक्षात आलं. १८३३ मध्ये त्यांच्या काचेच्या पेट्यांतून रोपं जहाजानं सिडनीला सुखरूप गेली. त्याआधी समुद्रप्रवासात खारा वारा आणि तहान यांनी बहुतेक रोपं मरत असत. १८४५ मध्ये ब्रिटननं काचेवरचा कर उठवला आणि घराघरांना काचेची पडवी जोडली जाऊ लागली. दक्षिण अमेरिकेतल्या कृष्णकमळाच्या आणि संक्रांतवेलीच्या जाती युरोपात त्या पडव्यांमधून वाढल्या. संक्रांतवेलीचं शास्त्रीय वर्णन इंग्लंडमध्येच, १८१७ च्या सुमारास, रंगीत चित्रासह छापलं गेलं.

आजच्या मराठी घराला काचेची पडवी नसली तरी खिडकी असते. न्यू जर्सीच्या बहुतेक भागात वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी उणे बारा ते उणे वीस अंशांच्या दरम्यान जाते. तिथे मोगरा, जुई, मधुमालती यांना जमिनीत लावण्याचा प्रश्नच येत नाही. भारतातून सामानात रोप नेणंही शक्य नसतं, कारण वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावर काढून घेतलं जातं. रोप तिथल्याच रोपवाटिकेतून आणायचं, उन्हाळाभर अंगणात ठेवायचं आणि रात्रीचा पारा दहाकडे झुकू लागला की घरात घ्यायचं. हे दिवस नेमके नवरात्र-दिवाळीच्या आसपासचे.

घरात घेण्याआधी पानांच्या मागची बाजू पाण्याच्या धारेनं धुवावी लागते. घर तापवणाऱ्या यंत्रांमुळे हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्यानं वाढतो. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची, पण तापत्या यंत्राच्या झोतात नाही. वरचा इंचभर थर सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही. खत पूर्ण बंद, कारण कमी उजेडात आलेला कोवळा फुटवा लांबट आणि दुबळा निघतो. खोली फार ऊबदार ठेवली तर वेल वाढू पाहते आणि उजेडाअभावी थकते, म्हणून मोगऱ्याला पंधरा अंशांच्या जवळपासची, उजेडाची, थोडी गार खोली बरी. वसंतात पुन्हा बाहेर काढताना आठवडा-दोन आठवडे सावलीतून उन्हाकडे सरकवत न्यायची. एकदम उन्हात ठेवली तर घरात वाढलेली पानं भाजतात.

ज्यांना एवढा खटाटोप झेपत नाही त्यांच्यासाठी थंडी सोसणारी भावंडं आहेत. इराणपासून हिमालयापर्यंत मूळ असलेली साधी पांढरी चमेली ब्रिटनमध्ये उघड्या भिंतीवर वाढते. निळ्या कृष्णकमळाचा वरचा भाग कडाक्यात जळला तरी मुळावर पालापाचोळ्याचा जाड थर दिला तर ते वसंतात बुडातून फुटतं. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाडांना 'एच १' ते 'एच ७' अशा श्रेणी देते. कायम ऊब लागणारी झाडं एकमध्ये आणि उणे वीसच्या खालीही तगणारी सातमध्ये येतात. अमेरिकेत कृषी खात्याचा पट्ट्यांचा नकाशा आहे. रोप घेण्याआधी दोन मिनिटं ही श्रेणी पाहिली तर पुढची हळहळ वाचते. मात्र हे आकडे निचरा होणाऱ्या मातीतल्या, मुरलेल्या झाडांसाठी असतात. कुंडीत मुळं चहूबाजूंनी उघडी पडतात, तिथे श्रेणीपेक्षा चार-पाच अंश जास्त सांभाळून राहावं लागतं.

आपल्याकडे थंडीची दुसरी बाजूही आहे, आणि ती संक्रांतवेलीनं दाखवली आहे. ही वेल ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनाची. तिकडे तिच्या नळीसारख्या केशरी फुलांवर गुंजनपक्षी येतात, इथे शिंजीर येतात. तिला थोडा गारवा हवा असतो. पावसाळाभर वाढलेल्या फांद्यांच्या टोकांवर मार्गशीर्षात कळ्यांचे घोस धरतात आणि संक्रांतीच्या सुमारास मांडव केशरी होतो. कोवळ्या कळ्यांना कडक हिमकडाका मानवत नाही, पण दहा अंशांची मराठवाडी पहाट तिला बाधत नाही. जी थंडी मोगऱ्याला गप्प करते, ती हिला फुलवते. म्हणून एकाच मांडवाच्या दोन टोकांना दोन ऋतूंच्या वेली लावण्याची युक्ती इथे सहज साधते. पश्चिमेला मधुमालती लावली तर ती उन्हाळा आणि पावसाळा सांभाळेल आणि थंडीत पानं टाकून भिंतीवर ऊन येऊ देईल. दक्षिणेला संक्रांतवेल थंडीत फुलेल.

किल्लारीसारख्या पुनर्वसित गावांत हे करायला फार खर्च येत नाही. वेल थेट भिंतीवर चढवू नये. भिंतीपासून फूट-दीड फुटावर तारेचा किंवा बांबूचा मांडव उभारावा, म्हणजे मधून हवा खेळते, भिंत गार राहते आणि ओल धरत नाही. पत्र्याच्या शेडवर वेल सोडायची असेल तर पत्रा आणि वेल यांच्यात जाळी हवी, कारण तापलेल्या पत्र्याला टेकलेली कोवळी फूट एप्रिलमध्ये करपते. काळ्या मातीत पाणी तुंबतं. तिथे दोन फुटांचा खड्डा घेऊन तळाला विटांचे तुकडे टाकावेत आणि मातीत मुरूम व कुजलेलं शेणखत मिसळावं. न्हाणीचं पाणी आळ्यात सोडता येतं, फक्त साबणाचा फेस रोज एकाच बुंध्याशी जाऊ नये म्हणून दोन आळी करून पाणी आलटून-पालटून वळवावं. आळ्यावर सोयाबीनच्या गुळीचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटं थर दिला की उन्हाळ्यात ओल टिकते आणि थंडीत मुळांवर पांघरूण राहतं. दोन्ही वस्तू या भागात मुबलक आहेत.

लागवड मृगाचा पाऊस मुरल्यावर करावी, म्हणजे हिवाळा येईपर्यंत मुळं खोल जातात. दिवाळीनंतर खत बंद. मोगऱ्याची छाटणी थंडी ओसरताना, माघात. संक्रांतवेलीची छाटणी फुलं संपल्याबरोबर, उशीर न करता, कारण पुढच्या पौषातली फुलं त्यानंतर येणाऱ्या नव्या फांद्यांवरच धरतात. तिला इथे बी क्वचितच धरतं, म्हणून दाब कलम करावं. जमिनीलगतची फांदी आषाढात मातीत दाबली तर सहसा दिवाळीपर्यंत तिला स्वतंत्र मुळं सुटतात.

भूकंपानं दाट गावठाण गेलं, जाड भिंतींची ऊब आणि गारवाही गेला. बदल्यात जे मिळालं त्यात घराभोवतीची मोकळी जमीन आहे, जी लंडनच्या तिसऱ्या मजल्यावर मोगरा वाढवणाऱ्याला मिळत नाही. त्या जमिनीच्या पश्चिम कडेला या पावसाळ्यात दोन खड्डे घेतले, तर काँक्रीटच्या त्या भिंतीला दोन-तीन उन्हाळ्यांत सावली धरू लागते.